चिपाडाची वीज

दिवाळीनंतर आम्ही मामाकडे जायचो. गाव इंदापूर तालुक्यातलं, ऊसपट्ट्यातलं. रात्री लाईट गेली की अंगणात बाजेवर पडून लांबवर झगमगणारा साखर कारखाना बघत बसायचं. एकदा मी विचारलं, "त्यांची लाईट कशी जात नाही?"
"ते चिपाड जाळून आपली आपण करतात."
"मग आपल्याला का देत नाहीत?"
"झोप आता," म्हणून मामाने विषय संपवला :-)

पुढे इंजिनीअरिंगला थर्मोडायनॅमिक्स शिकलो आणि उत्तर सापडलं असं वाटलं. ते चुकीचं होतं. कसं ते सांगतो.

१०० किलो ऊस गाळला की साधारण ३० किलो ओलं चिपाड उरतं. कारखान्यात त्याला बगॅस म्हणतात. ते जाळून वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं आणि बाहेर पडलेल्या कमी दाबाच्या वाफेवर रस आटवायचा. बॉयलरचा दाब वाढवला तर इंधन जरासंच जास्त लागतं, वीज मात्र कितीतरी जास्त मिळते. हे कॉलेजच्या पुस्तकातलं गणित. तरी आपले जुने कारखाने वर्षानुवर्षं २१ किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आसपासच्या दाबावरच चालले. माझा निष्कर्ष तयार होता: यांना इंजिनीअरिंग येत नाही.

पण हा भाग बघा. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा आला. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंदांनी कळंबजवळ साखर कारखाना काढला. त्यातून वाढलेल्या वालचंदनगरने पुढे साखर कारखान्यांची यंत्रं बनवली, अणुभट्ट्यांचे आणि इस्रोच्या रॉकेटचे भागसुद्धा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती हे सहकारी कारखाने उभे राहिले. १९७५ साली पुण्याजवळ मांजरीला साखरेवर संशोधन करणारी संस्था निघाली, आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. ज्ञानाची वानवा नव्हतीच!

वानवा होती गिऱ्हाइकाची. जास्तीची वीज घेणार कोण, आणि कुठल्या भावाने? भरवशाचा दरच नव्हता. उलट उरलेल्या बगॅसचा डोंगर सांभाळायचा, त्याला आग लागण्याची धास्ती. म्हणजे हंगाम संपेपर्यंत सगळं चिपाड संपवेल तोच बॉयलर चांगला! इंजिनीअरने दिलेलं काम चोख केलं होतं. काम देणाऱ्याने वीज मागितलीच नव्हती.

मागणी आली ती १९९० च्या दशकात. केंद्र सरकारने बगॅसपासून सहवीजनिर्मितीला प्रोत्साहन द्यायला सुरुवात केली. बारामतीच्या शेजारी फलटणला, निंबकर कृषी संशोधन संस्थेत, अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी तालुक्याचा हिशोब मांडला: शेतातल्या काडीकचऱ्यावर तालुका आपल्या विजेची गरज भागवू शकतो. २००१ मध्ये दाभोळचा प्रकल्प बंद पडला. २००२ साली राज्याच्या वीज नियामक आयोगाने बगॅसच्या विजेचा दर ठरवून दिला, २००३ मध्ये नवा वीज कायदा आला. मग ६७, ८७, ११० किलो दाबाचे बॉयलर आले. बारामती-इंदापूरच्या कारखान्यांनीही सहवीज प्रकल्प उभारले. थर्मोडायनॅमिक्सचे नियम तेच होते, एक सरकारी कागद तेवढा नवा होता.

या उशिराची किंमत कोणी मोजली? मामाने. शेतीला वीज रात्रीची, म्हणून थंडीत बॅटरी घेऊन मोटर चालू करायला तो जायचा आणि मामी दार उघडं ठेवून जागी बसायची. एकट्या चिपाडाने हे सगळं सुटलं असतं असं नाही, चिपाड हंगामापुरतंच. पण कारखाना तर अंगणातून दिसत होता.

हल्ली जुना कोड बघून कोणाला शिव्या घालायच्या आधी मी विचारतो, याला नक्की काय करायला सांगितलं होतं? असो.

परवा मामाला फोनवर हे सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून म्हणाला, "म्हणजे तू तेव्हा विचारलंस ते बरोबरच होतं की."