गाडीची होडी कधी होते?

पावसाळा आहे, म्हणून आजचा इतिहास ओल्या रस्त्याचा. आणि त्याची सुरुवात करूया कफ परेडच्या मच्छीमार नगरातून.

तिथल्या किनाऱ्यावर उभं राहून इंजिन लावलेली एखादी छोटी फायबरची होडी निघताना बघा. हळू चालते तोवर तिचं पोट पाण्यात बुडालेलं असतं. वेग वाढला की नाळ वर उठते आणि थोड्याच वेळात होडी पाणी कापायचं सोडून पाण्याच्या पाठीवरून सरकायला लागते. होडीसाठी ही चांगली गोष्ट आहे. पण अगदी हेच तुमच्या गाडीच्या चाकाला झालं तर?

भर पावसात गाडी सुटलेल्या माणसाला विचारा, काय झालं? उत्तर बहुतेक वेळा एकच येतं. "स्टेअरिंग एकदम हलकं झालं. मी फिरवत होतो, पण गाडी ऐकतच नव्हती." पुढे गॅरेजवाला सगळं तपासतो. ब्रेक ठीक, स्टेअरिंग ठीक, कशातच बिघाड नाही. मग दोष कोणाचा? अर्थात चालवणाऱ्याचा! कागदावर "हयगयीने, भरधाव वेगाने" असं लिहिलं जातं आणि विषय संपतो. जगभर कित्येक वर्षं असंच चाललं होतं. गंमत म्हणजे या कोड्याचं उत्तर सापडलं ते विमानांमुळे.

थोडं मागे जाऊ. जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं १८८८ साली, सायकलसाठी. मोटारी आल्या तेव्हा सुरुवातीचे टायर गुळगुळीत होते. ओल्या रस्त्यावर ते घसरतात हे लगेच लक्षात आलं, म्हणून खाचा आल्या. १९०४ साली जर्मनीच्या कॉन्टिनेंटल कंपनीने नक्षीदार टायर काढला. १९०८ साली अमेरिकेत फायरस्टोनने तर टायरवर 'नॉन स्किड' ही अक्षरंच तिरपी कोरली! म्हणजे खाचांचा उपयोग होतो हे कळलं होतं. पण ओल्या रस्त्यावर चाकाखाली नेमकं काय घडतं, ते कोणी मोजलं नव्हतं.

मग जेट विमानं आली. ती जास्त वेगाने उतरायची आणि ओल्या धावपट्टीवर ब्रेक मारले तरी थांबायची नाहीत. आता "पायलट बेफिकीर होता" एवढं म्हणून भागणार नव्हतं. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या लँगली इथल्या प्रयोगशाळेत यावर काम सुरू झालं. ही प्रयोगशाळा पुढे नासाची झाली. १९६३ साली वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर या दोघांनी आपला अहवाल दिला. त्यातून जे दिसलं ते आपल्या होडीसारखंच होतं. चाक वेगाने पाण्यात शिरलं की समोरचं पाणी पाचरीसारखं त्याच्याखाली घुसतं आणि चाकाला वर उचलतं. याला म्हणतात हायड्रोप्लेनिंग.

आता थोडं गणित करू. घाबरू नका, सोपं आहे. समजा रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी आहे, गाडीचा वेग ८० आहे आणि टायर १८ सेंटिमीटर रुंद आहे. तर त्या एका चाकाला दर सेकंदाला सुमारे १२ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. टायरचा प्रत्येक भाग रस्त्याला टेकून असतो तो सेकंदाच्या जेमतेम दीडशेव्या भागापुरता, आणि तेवढ्या वेळात हे काम उरकायचं असतं! टायरच्या खाचा म्हणजे त्या पाण्याची गटारं. त्या झिजल्या की गटार तुंबलं. मग पाणी जाणार कुठे? चाकाखालीच.

हॉर्न यांच्या कामातून एक साधं सूत्रही मिळालं. टायरमधली हवा पीएसआयमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि साधारण १६.७ने गुणा. जो आकडा येईल, तेवढ्या किलोमीटर वेगाच्या आसपास चाक पूर्णपणे तरंगू शकतं. अट एकच, पाणी टायरच्या खाचांना न झेपण्याइतकं हवं. हवा ३६ असेल तर वर्गमूळ ६, म्हणजे वेग १००. हवा २५ असेल तर वर्गमूळ ५, म्हणजे ८३. विमानाच्या टायरमध्ये २०० पीएसआयच्या आसपास हवा असते. त्याचं उत्तर येतं सुमारे २३५, आणि मोठी जेट विमानं साधारण त्याच वेगाच्या आगेमागे उतरतात! अर्थात हा अंदाज आहे, लक्ष्मणरेषा नव्हे. पकड त्याच्या बरीच आधीपासून कमी होत जाते.

या सूत्रात गाडीचं वजन कुठेच नाही, हे लक्षात आलं का? कारण वजन वाढलं की टायर जास्त दबतो आणि रस्त्याला टेकणारा भागही वाढतो. त्यामुळे "पाच जण बसलोय, गाडी जड आहे, काही होत नाही" या समजुतीला फारसा अर्थ नाही. खरा मुद्दा हवेचा आहे.

आता हे आपल्या मुंबईत आणू. कफ परेडहून निघालात, मरीन ड्राइव्ह संपवून कोस्टल रोडच्या बोगद्यात शिरलात. हा रस्ता मार्च २०२४ मध्ये सुरू झाला. सरळ भागात वेगमर्यादा ८०, बोगद्यात ६०. दोन किलोमीटरचा बोगदा कोरडा असतो, आणि प्रियदर्शिनी पार्कपाशी बाहेर पडताच धो धो पाऊस. तुमच्या टायरमधली हवा कमी होत होत २३ वर आली असेल, तर सूत्राचं उत्तर किती? बरोबर ८०! म्हणजे नियम पाळूनही चाक तरंगू शकतं. अशा वेळी "भरधाव" हा शब्द पुरेसा आहे का?

मग गाडी सुटण्याचं कारण कसं ओळखायचं? लक्षणांवरून. स्टेअरिंग हलकं झालं, टायरचा आवाज बदलला, इंजिनाचे फेरे उगाच वाढले आणि काही क्षणांनी सगळं पूर्ववत झालं, तर संशय पाण्यावर. स्टेअरिंग उलट जड झालं असेल तर पॉवर स्टेअरिंग बघा. काही जुन्या गाड्यांमध्ये पाणी उडून पट्टा घसरला तरी असं होतं. धाडकन आवाज येऊन गाडी एका बाजूला ओढली गेली तर टायर फुटला असण्याची शक्यता जास्त. आणि जूनच्या पहिल्या सरीत सिग्नलपाशी स्कूटर घसरते ते प्रकरण निराळं. तिथे रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ पाण्यात मिसळून बुळबुळीत थर होतो. त्याला वेग लागत नाही.

हॉर्न यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. फिरतं चाक तरंगायला जो वेग लागतो, त्याहून कमी वेगात थांबलेलं चाक तरंगतच राहतं. ३६ पीएसआयच्या चाकासाठी हे आकडे येतात १०० आणि ८६. म्हणजे घाबरून ब्रेक दाबला आणि चाक थांबलं, तर पकड परत यायला उलट उशीर. म्हणून अॅक्सिलरेटरवरून पाय हळूच काढायचा, ब्रेक दाबायचा नाही आणि स्टेअरिंग सरळ धरायचं. ते वळवून ठेवलंत, तर पकड येताच गाडी तिकडेच उडी घेते.

हा शोध फक्त चालकांपुरता राहिला नाही. धावपट्टीला आडव्या खाचा पाडल्या, तर पाणी निघून जायला वाट मिळते. १९६७ साली वॉशिंग्टनच्या विमानतळावर तसं केलं गेलं आणि पुढे अमेरिकेतल्या महामार्गांवरही खाचा आल्या. अर्थात खाचा पाडल्या म्हणजे पावसाचा धोका मिटला असं नाही. १ जुलै २०१९च्या रात्री मुंबईत मुसळधार पावसात उतरलेलं एक प्रवासी विमान धावपट्टी ओलांडून पुढे गेलं. सुदैवाने प्रवासी सुखरूप राहिले, पण मुख्य धावपट्टी काही दिवस बंद ठेवावी लागली.

या सगळ्या इतिहासातून मला महत्त्वाचा वाटतो तो प्रश्नातला बदल. "चूक कोणाची?" याच्या आधी लँगलीच्या लोकांनी विचारलं, "चाकाखाली काय झालं?" मग जबाबदारी वाटली गेली. चालकाने वेग आवरायचा, मालकाने टायर बघायचे, आणि रस्ता बांधणाऱ्याने त्याला असा उतार द्यायचा की पाणी साचणार नाही. आपल्याकडे गाडीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर हवी असा नियम आहे. टायरच्या खाचेत छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायरचं आयुष्य संपलं. पण पाण्याची गटारं त्याच्या आधीच उथळ झालेली असतात, हे विसरू नका.

तेव्हा हा भाग ऐकून झाला की खाली जा, टायरच्या खाचेत एकदा बघा आणि पंपावर हवा तपासून घ्या. घरातल्या कोणाची गाडी असेल तर त्यांनाही सांगा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि पाऊस अजून बराच पडायचा आहे. भेटू पुढच्या भागात!