जम्बोचं वशिंड

बोइंग ७४७ ओळखायला विमानांतलं काही कळावं लागत नाही. पाठीवर पुढच्या बाजूला वशिंड दिसलं की जम्बो. हे वशिंड श्रीमंत प्रवाशांच्या चैनीसाठी काढलं, असा सर्वसाधारण समज. खरं तर त्याचं मूळ मालवाहतुकीत आहे.

१९६५च्या सुमारास पॅन ॲम या अमेरिकी विमान कंपनीचे प्रमुख हुआन ट्रिप यांना बोइंग ७०७च्या अडीचपट मोठं विमान हवं होतं. पण पुढचा जमाना स्वनातीत विमानांचा, याबद्दल तेव्हा कुणाला फारशी शंका नव्हती. युरोपात काँकॉर्ड आकाराला येत होतं, खुद्द बोइंगही तसल्याच विमानाच्या मागे होतं. म्हणजे हे नवं धूड काही वर्षं माणसं नेणार आणि मग खोकी वाहणार, असाच हिशेब.

ट्रिपना शेंड्यापासून शेपटीपर्यंत दोन मजले हवे होते. मुख्य अभियंता जो सटर यांच्या चमूला ते पटेना. अपघातात वरच्या मजल्यावरची माणसं झटपट उतरवायची कशी? माल तरी वर चढवायचा कसा? त्यांनी एकच मजला ठेवला, पण आठ फुटी दोन कंटेनर शेजारी-शेजारी मावतील इतका रुंद. त्यातूनच दोन मार्गिका आणि एका ओळीत दहा खुर्च्या आल्या. लांबलचक माल समोरून सरकवायचा तर नाक वर उचलता यायला हवं. मग वैमानिकांची खोली वाटेत नको, म्हणून ती थेट डोक्यावर नेली. तिच्यामागे हवा अडू नये म्हणून उतार दिला. त्या उताराखाली पोकळी उरली.

ही जागा कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीची, असं बोइंगवाले म्हणत होते. ट्रिपनी नमुना पाहिला आणि ती प्रवाशांसाठी राखून ठेवली. गोल जिना, वर बैठक, मद्य.

१९७१मध्ये एअर इंडियाचं ‘एम्परर अशोक’ हे जम्बो मुंबईत उतरलं, ते खिडक्यांभोवती झरोके रंगवूनच. कुणाला भडक वाटेल, मला आवडतं. १ जानेवारी १९७८ला हेच विमान मुंबईहून उडाल्यावर थोड्याच वेळात वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले.

बोइंगचा स्वनातीत प्रकल्प १९७१मध्येच गुंडाळला गेला, काँकॉर्ड २००३मध्ये थांबलं. जम्बो मात्र प्रवासी नेतच राहिलं. पुढे वशिंडही लांबवून त्यात आणखी खुर्च्या बसवल्या. त्याला मागे सारलं ते दोन इंजिनांच्या, कमी इंधन पिणाऱ्या विमानांनी. कोविडनं आणखी दणका दिला: ब्रिटिश एअरवेज आणि क्वांटासनी २०२०मध्येच आपली जम्बो निवृत्त केली. एअर इंडियाचं ‘आग्रा’ २२ एप्रिल २०२४ला मुंबईहून पंख झुकवून उडालं, अमेरिकेत सुटे भाग काढून घेण्यासाठी.

मालवाहू जम्बो अजून उडतात. शेवटचं, १,५७४वं, बोइंगनं जानेवारी २०२३मध्ये ॲटलस एअरला दिलं. तेही मालवाहूच, नाक वर उघडणारं.