अवटू हॉर्मोनांचे नियंत्रण : संशोधनाचा इतिहास

मानेच्या पुढील भागात श्वासनलिकेला बिलगून असलेल्या अवटू ग्रंथीतून थायरॉक्सिन व ट्रायआयोडोथायरोनीन ही आयोडीनयुक्त हॉर्मोने रक्तात मिसळतात. चयापचयाचा वेग व बालकाची शारीरिक आणि बौद्धिक वाढ त्यांवर अवलंबून असते. त्यांची पातळी शरीर कशी राखते, हे कोडे मुख्यतः गलगंडाच्या अभ्यासातून सावकाश उलगडत गेले.

सुश्रुतसंहितेत गलगंडाचे वर्णन आढळते. जिनीव्हा येथील वैद्य कॉइंडे यांनी १८२० मध्ये या विकारावर आयोडीन वापरले. संपूर्ण ग्रंथी काढलेले रुग्ण पुढे मंद व सुजकट होतात, असे स्विस शस्त्रक्रियाविशारद कोखर यांनी १८८३ मध्ये दाखवून दिले. केंडाल यांनी १९१४ मध्ये थायरॉक्सिन स्फटिकरूपात वेगळे केले.

नियंत्रणाचा धागा मात्र बेडकाच्या पिलांत (भैकेरांत) सापडला. अमेरिकन शास्त्रज्ञ पी. ई. स्मिथ यांनी १९१६ मध्ये भैकेरांची पोष ग्रंथी काढली, तेव्हा त्यांची अवटू ग्रंथी खुरटली आणि बेडकात होणारे रूपांतर थांबले. पोष ग्रंथीतील उद्दीपक हॉर्मोन अवटू ग्रंथीला चालना देते. रक्तातील अवटू हॉर्मोने वाढली की तेच उद्दीपन रोखले जाते. या प्रतिसंभरणावर मेंदूतील अधोथॅलॅमसाचीही सत्ता असते. तेथील प्रेरक द्रव्याची रचना गिलमँ व शॅली यांनी १९६९ मध्ये स्वतंत्रपणे निश्चित केली. त्यासाठी मेंढ्या व डुकरे यांच्या लक्षावधी मेंदूंतून जेमतेम काही मिलिग्रॅम द्रव्य हाती आले होते. दोघांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

आहारात आयोडीन अपुरे पडले की अवटू हॉर्मोने घटतात, उद्दीपक हॉर्मोन वाढते आणि ग्रंथी फुगते. म्हणजे गलगंड हा बहुधा नियंत्रणाच्या बिघाडाचा नव्हे, तर त्याच्या अविरत प्रयत्नाचा परिणाम होय. गळ्याची सूज डोळ्यांना दिसते. गर्भावस्थेतील आयोडीनन्यूनतेने बालकाच्या मेंदूची होणारी हानी दिसत नाही व ती अधिक गंभीर असते.

रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनी १९५६ पासून कांग्रा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा उपाय सिद्ध केला. राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. भंडाऱ्यासारख्या समुद्रापासून दूरच्या, भातप्रधान जिल्ह्यात मीठ बाहेरूनच येते आणि ते प्रत्येक घरी रोज लागते. म्हणून आयोडीन पोचविण्यास त्याहून सोयीचे साधन नाही. आयोडीनविरहित खाद्य मिठाच्या विक्रीवरील देशव्यापी बंदी २००० मध्ये उठविण्यात आली होती. ती २००६ मध्ये पुन्हा लागू झाली.