पैशाचा वैद्य कोण?



प्रकृती बिघडली म्हणजे कोणाकडे जावे, हे आपल्या घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. दात दुखू लागला तर दाताचा डॉक्टर, डोळे आले तर डोळ्यांचा. जमिनीचा तंटा उपस्थित झाला तर वकील, घर बांधावयाचे ठरले तर इंजिनियर. परंतु जन्मभर काटकसर करून साठविलेले चार पैसे कोठे ठेवावेत, मुलांच्या शिक्षणासाठी किती बाजूस काढावेत, म्हातारपणी ते पुरतील किंवा नाही, असा प्रश्न पडला म्हणजे चांगले सुशिक्षित गृहस्थही शेजाऱ्याला, मेहुण्याला, किंवा दारात येऊन ज्याने गोड शब्द काढले त्याला विचारून मोकळे होतात. असे का व्हावे? याचे उत्तर आपल्या भोळेपणात थोडे आहे आणि इतिहासात पुष्कळ आहे. पैशासंबंधी सल्ला देणारा म्हणून जो जो मनुष्य आपल्या समाजात आजवर वावरला, त्याचे पोट कशावर भरत असे, एवढाच प्रश्न मनाशी धरून आज आपण मागील पावणेदोनशे वर्षांवरून एक नजर फिरवू.

आमचा भंडारा जिल्हा धानाचा आणि तलावांचा. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला, आणि सरकारसारा भरण्याची जबाबदारी पत्करणाऱ्या मालगुजारांना गावाचे मालकी हक्क मिळाले. कुळाला पेरणीसाठी बियाणे पाहिजे असले म्हणजे ते सवाई-दिढीने मिळे, म्हणजे एक खंडी धान घेतले तर हंगामाला सव्वा किंवा दीड खंडी परत घालावयाचे. रोख पैसा लागला तर सावकार होताच. बैल घ्यावा की न घ्यावा, मुलीचे लग्न यंदा करावे की पुढील साली, हेही कुळ त्यालाच विचारी. कारण गावात हिशोब लिहिता येणारा मनुष्य बहुधा तोच. सगळेच सावकार दुष्ट होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. दुष्काळात कुळ जगविणारेही त्यांत होते. परंतु ज्याची मिळकत कर्ज दिल्यावाचून होत नाही, तो ‘बाबा रे, कर्ज काढू नकोस’ असे कोणत्या तोंडाने सांगणार?

ह्या व्यवस्थेचा स्फोट प्रथम घाटावर झाला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे व दुकाने घेरली, आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, लोकांचा मुख्य रोख कागदांवर होता. कर्जरोखे हस्तगत करावे आणि जाळावे, हा त्यांचा हेतू. जे आपणांस वाचता येत नाही, ज्यावर आपला अंगठा मात्र आहे, त्या कागदाने आपली जमीन जाते, हे त्यांना कळून चुकले होते.

पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसंबंधीचा कायदा झाला. त्यात कोर्टाला रोख्याच्या पाठीमागे जाऊन मूळ देणेघेणे तपासण्याचा अधिकार मिळाला. त्याशिवाय दोन नवी माणसे त्या कायद्याने उभी केली: एक समेट घडवून आणणारा मध्यस्थ आणि दुसरा ग्रामनिबंधक. शेतकऱ्याचा दस्तऐवज ह्या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा, असे ठरले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी ह्याच कायद्याखालील विशेष न्यायाधीशाचे काम केले. आमच्या मध्यप्रांतात १९३३ साली कर्जतडजोडीचा कायदा झाला, आणि धनको व ऋणको यांना समोरासमोर बसवून तोड काढणारी मंडळे त्याखाली नेमली गेली. ह्या दोन्ही कायद्यांचे मर्म एकच होते. व्यवहारात ज्याचा फायदा गुंतलेला नाही, असा एक तिसरा मनुष्य धनको आणि ऋणको यांच्यामध्ये असला पाहिजे. ही कल्पना आपण जपून ठेवू. तिचे काम पुढे पडणार आहे.

आता शहराकडे वळू. कोणी म्हणेल, अडाणी कुणब्याची ही गत झाली यात नवल ते काय! तर मग १८६५ सालची मुंबई पाहा. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्याबरोबर नव्या बँका, नव्या कंपन्या, समुद्र हटवून जमीन काढण्याच्या योजना आणि त्यांचे शेअर यांचाही पूर आला. प्रेमचंद रायचंद हा त्या काळचा दलालांचा राजा. अमुक शेअर घ्या असे त्याने म्हणावे आणि शहाण्यासुरत्यांनी डोळे मिटून घ्यावे. प्रत्यक्ष बँक ऑफ बॉम्बेची कर्जे त्याच्या शब्दावर दिली जात. १८६५ साली युद्ध संपले, कापूस कोसळला, वायद्याचे देणे भागविण्याचा १ जुलैचा दिवस उजाडला आणि अनेक घरांची राखरांगोळी झाली. ती बँकही पुढे १८६८ साली मोडीत निघाली. प्रेमचंद दानशूर होता. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा त्याच्या देणगीचा आणि त्याच्या मातेच्या नावाचा आहे. तेव्हा येथे प्रश्न मनुष्याच्या सज्जनपणाचा नव्हताच. दलालाला खरेदीवरही दलाली मिळते आणि विक्रीवरही मिळते. स्वस्थ बसा, असा सल्ला देऊन त्याला काहीच मिळत नाही.

तिसरा सल्लागार म्हणजे विम्याचा एजंट. मुंबईत १८७४ साली ‘ओरिएंटल’ विमा कंपनी निघाली. १९१३ साली साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुले यांनी ‘वेस्टर्न इंडिया’ ही विमा कंपनी स्थापिली, आणि मराठी मध्यमवर्गाला आपल्या माणसांची अशी एक संस्था लाभली. एजंटाची थट्टा आपण पुष्कळ करतो, परंतु त्याचे ऋणही मानले पाहिजे. ‘मी मेल्यावर’ हे शब्द ज्या घरात उच्चारणे अशुभ मानीत, त्या घरात जाऊन त्याने कर्त्या पुरुषास पत्नी-मुलांची तरतूद करावयास लाविले. १९३८ च्या विमा कायद्याने एजंटाला परवाना आवश्यक केला, आणि आपल्या कमिशनातून सूट देऊन गिऱ्हाईक ओढण्यास बंदी केली. १९५६ साली २४५ विमा कंपन्या व संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ झाले. व्यवस्था बदलली, तरी एजंटाच्या मिळकतीची रीत तीच राहिली. कमिशन विकलेल्या पॉलिसीवर, आणि तेही पहिल्या वर्षी सर्वांत अधिक.

ह्याचा परिणाम कसा होतो, ते एका उदाहरणाने सांगतो. माझ्या परिचयाचे एक शिक्षक निवृत्त झाले. ग्रॅच्युइटीची रक्कम हाती येते न येते तोच एक सद्गृहस्थ घरी आले, आणि ‘गुरुजी, बँकेपेक्षा चांगली ठेव’ म्हणून त्यांची सही घेऊन गेले. ती ठेव नव्हती. दहा वर्षे दरसाल मोठा हप्ता भरावयाची ती पॉलिसी होती. दुसऱ्या वर्षी हप्त्याची सूचना आली तेव्हा गुरुजींना उमगले. तिसऱ्या वर्षी निवृत्तिवेतनातून हप्ता निघेना, पॉलिसी बंद करावी लागली, आणि भरलेल्या रकमेतील मोठा भाग गेला. त्यांच्या पत्नीचे मोतीबिंदूचे शस्त्रकर्म त्या पैशातून व्हावयाचे होते, ते वर्षभर लांबले. पॉलिसीचा कागद हाती आल्यापासून तीस दिवसांच्या आत ती परत करता येते असा आजचा नियम आहे. परंतु तो कागद त्या तीस दिवसांत वाचावा लागतो. सुप्याच्या शेतकऱ्याला अक्षरओळख नव्हती. आमच्या गुरुजींनी तर चाळीस वर्षे मुलांना अक्षरे शिकविली होती!

चौथा सल्लागार बँकेचा किंवा पतसंस्थेचा मनुष्य. १९०४ च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्यापासून आपल्याकडे ह्या चळवळीने मोठे काम केले आहे. परंतु विश्वास आणि सुरक्षितता या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. १९६० साली आमच्या विदर्भातीलच अकोल्याची लक्ष्मी बँक व केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाली. त्या धक्क्यातून १९६२ साली बँकांतील ठेवींचा विमा सुरू झाला. आरंभी त्याची मर्यादा दीड हजार रुपयांची होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपये आहे. पतसंस्थेतील ठेवीला मात्र हे छत्र नाही. व्याजाचा एक टक्का अधिक मिळतो म्हणून सगळी पुंजी पतसंस्थेत ठेवा, असे जो सांगतो, त्याने ही गोष्टही त्याच वेळी सांगितली पाहिजे. ती तो सांगतो का, हे आपण पाहावे.

आता ज्यांची मिळकत विक्रीवर अवलंबून नाही, अशांकडे येऊ. मुंबई सरकारने १९१८ साली हिशेबशास्त्राची पदविका सुरू केली. पुढे १ जुलै १९४९ रोजी चार्टर्ड अकौंटंटांची संस्था कायद्याने स्थापन झाली. हा मनुष्य आपली फी घेतो आणि हिशोब व कर यांविषयी सांगतो. ते त्याचे शास्त्र. पुंजी कोठे गुंतवावी, हा त्याचा मूळ विषय नव्हे; जसे मृत्युपत्र लिहिणे हे वकिलाचे काम, अकौंटंटाचे नव्हे.

गुंतवणुकीच्या सल्लागाराला कायद्याची चौकट मिळावयास फार उशीर लागला. भांडवलबाजारावर देखरेख करणाऱ्या ‘सेबी’ला १९९२ साली कायद्याचे बळ मिळाले, आणि २०१३ साली तिने गुंतवणूक सल्लागारांचे नियम केले. जो स्वतःस सल्लागार म्हणवील त्याने नोंदणी करावी, परीक्षा द्यावी, आणि गिऱ्हाइकाचे हित आपल्या हितापुढे ठेवावे. २०२० साली नियम अधिक कडक झाले. एकाच कुटुंबाला सल्ल्याची फीही घ्यावयाची आणि माल विकून कमिशनही मिळवावयाचे, हे बंद झाले. वैद्य निराळा आणि औषधविक्रेता निराळा, असा हा भेद आहे. १८७९ च्या ग्रामनिबंधकात जी कल्पना अंकुरली होती, ती निराळ्या वेषात येथे पुन्हा दिसते.

परंतु असा नोंदलेला सल्लागार अद्याप दुर्मिळ आहे. साऱ्या देशात त्यांची संख्या हजाराच्या आसपास, आणि तीही बहुतेक मोठ्या शहरांत. उलट सल्लागार अशी पाटी लावून बसणारे गल्लोगल्ली आहेत. २०१४ साली नागपुरातच एका गुंतवणूक पेढीच्या चालकांना ठेवीदारांच्या तक्रारींवरून अटक झाली, आणि ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या १९९९ च्या कायद्याखाली प्रकरण उभे राहिले. तेथे पैसे गुंतविणाऱ्यांत निवृत्त आणि सुशिक्षित मंडळी थोडी नव्हती.

मग आपण करावे काय? प्रथम, आपल्याला खरोखर सल्लागार पाहिजे का, हे ठरवावे. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्या कामगाराची गरज साधी असते. वर्षभराचा खर्च बँकेत ठेवावा. बाकीच्यापैकी मोठा भाग साठ वर्षांवरील माणसांसाठी २००४ साली निघालेल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टपाल कचेरीत ठेवावा. एका व्यक्तीस तेथे २०२३ पासून तीस लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. एवढ्यासाठी कोणाची फी भरण्याचे कारण नाही. पसारा मोठा असेल, मुले परदेशी असतील, जमीन विकून रक्कम आली असेल, तर मात्र सल्ला घ्यावा आणि तो फी देऊन घ्यावा.

दुसरे, समोरच्या मनुष्यास तीन प्रश्न निःसंकोच विचारावेत. आपली नोंदणी कोणाकडे आहे आणि तिचा क्रमांक काय? माझ्या ह्या व्यवहारातून आपणांस कोणाकडून किती मिळेल? मी काहीच विकत घेतले नाही, तर आपले काय नुकसान होईल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सेबीच्या यादीशी ताडून पाहावे. म्युच्युअल फंडाच्या वितरकाची नोंदणी निराळी असते, आणि तो वितरक आहे यात काही कमीपणा नाही. मात्र वितरकाला वितरकच समजून त्याचे ऐकावे. तिसरे, रक्कम कोणाच्याही वैयक्तिक खात्यात देऊ नये, आणि कोऱ्या कागदावर सही करू नये.

फी देणे आपल्या जिवावर येते, हे मी जाणतो. सल्ला फुकट मिळावा ही आपली जुनी सवय. परंतु फुकट सल्ल्याची किंमत आपण भरीतच असतो. ती आपल्याला दिसत नाही, एवढेच. दहा लाखांच्या फंडात दरसाल एक टक्का वितरकाकडे जात असेल, तर ते वर्षाला दहा हजार रुपये होतात. २०१३ पासून वितरकावाचून थेट गुंतवणुकीची सोय प्रत्येक फंडात आहे. दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी मांडावेत आणि मग फी महाग की फुकट महाग, हे घरातल्या माणसांनी मिळून ठरवावे.

‘ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण आपण दुसऱ्याला नावे ठेवण्यासाठी वापरतो. तिच्यात व्यवहाराचे मोठे सूत्र आहे. सावकार, दलाल, एजंट, बँकेचा मनुष्य, हे सारे आपापल्या पोळीस जागले. आपल्या बाजूने बोलणारा मनुष्य पाहिजे असेल, तर त्याची पोळी आपल्याच घरातून, उघडपणे आणि पावती घेऊन गेली पाहिजे. आज रात्री जेवणे झाल्यावर आपापल्या पेटीतील कागद एकदा बाहेर काढा, आणि त्यांतील प्रत्येक कागद कोणाच्या सांगण्यावरून घेतला व त्याला त्यातून काय मिळाले, हे पत्नीसमवेत बसून लिहून काढा. पेटीची किल्ली आणि ती यादी दोघांनाही ठाऊक असू द्या.