उटकमंड : एका जिल्हाधिकाऱ्याने वसवलेले गाव

बेळ्ळंदूर, मारतहळ्ळी, सर्जापूर रस्ता या भागांत आता मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. नोकरीसाठी बंगळूरला आलेली ही मंडळी जोडून सुट्टी आली की म्हैसूर, गुंडलुपेट, बंदीपूर या मार्गाने उटीकडे निघतात. पुण्या-मुंबईत असताना महाबळेश्वर आणि माथेरानला जे स्थान होते, ते इथे आल्यावर उटी आणि कुन्नूर यांनी घेतले आहे. सुमारे तीनशे किलोमीटरचा हा प्रवास, वाटेतले अभयारण्य, घाटातली वळणे आणि त्यानंतर उतारांवर पसरलेले चहाचे मळे यांचे वर्णन बहुतेक वाचकांना नवे नाही. मला इथे जरा वेगळा मुद्दा मांडायचा आहे. थंड हवा निसर्ग देतो. थंड हवेचे ठिकाण मात्र सरकारी निर्णयांतून घडते. उटीचा इतिहास हा फार मोठ्या प्रमाणात प्रशासनाचा इतिहास आहे, आणि त्यातले काही प्रश्न अजूनही निकाली निघालेले नाहीत.

आपल्याकडची दोन उदाहरणे आधी पाहू. महाबळेश्वरचे गिरिस्थान मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी वसवले. त्यासाठी १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी रीतसर करार झाला आणि महाबळेश्वरच्या बदल्यात वाईजवळचे खंडाळा हे गाव त्यांना देण्यात आले. माथेरान १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्यामुळे प्रकाशात आले. उटीची कथा या दोहोंच्या आधीची आहे आणि तिचा नायकही एक कलेक्टरच आहे.

जॉन सलिव्हन हे १८१५ पासून कोइमतूरचे कलेक्टर होते. १८१८ मध्ये व्हिश आणि किंडर्सली हे दोन तरुण अधिकारी निलगिरीच्या पठारावर जाऊन आले आणि तिथल्या हवेचे वर्णन त्यांनी खाली आणले. जानेवारी १८१९ मध्ये सलिव्हन स्वतः डोंगर चढून गेले. कोटगिरीजवळ दिंबट्टी येथे त्यांनी पहिला बंगला बांधला. पुढे १८२२-२३ च्या सुमारास उटकमंडला 'स्टोन हाउस' उभे राहिले. आज त्या परिसरात शासकीय कला महाविद्यालय आहे. सलिव्हन यांनी रस्ता काढला, बटाटा आणि युरोपीय भाज्या-फळांची लागवड सुरू केली आणि ओहोळ अडवून १८२३ ते १८२५ या काळात तलाव बांधला. ज्या तलावात आज पर्यटक नौकाविहार करतात, तो निसर्गाचा नसून एका कलेक्टरने बांधवून घेतलेला आहे.

आता महत्त्वाचा प्रश्न : ही जमीन कोणाची होती? पठारावर तोडा हे म्हशी पाळणारे लोक राहत होते. शेती करणारे बडगा आणि कारागिरी करणारे कोटा त्यांचे शेजारी होते. उतारांवरच्या जंगलांत कुरुंबा व इरुळा यांची वस्ती होती. तोडांची गवताळ राने महसुली भाषेत सहज 'पडीक' ठरू शकत होती, कारण तिथे नांगर चालत नव्हता. सलिव्हन यांनी स्टोन हाउसची जमीन तोडांकडून एकरी एक रुपया दराने विकत घेतली. आज तो दर हास्यास्पद वाटेल, परंतु पैसे तोडांना दिले गेले याचा अर्थ मालक तेच आहेत हे कलेक्टरने मान्य केले होते. पुढेही तोडांचा हक्क केवळ चराईपुरता नसून मालकीचा आहे, ही भूमिका त्यांनी लावून धरली.

मद्रासचे गव्हर्नर स्टीफन लशिंग्टन यांना ही भूमिका पसंत नव्हती. सलिव्हन यांच्या बाजूने एक कमकुवत दुवाही होता : पठारावरच्या मोठ्या युरोपीय जमीनधारकांपैकी ते स्वतः एक होते. अधिकाऱ्याचा खाजगी हितसंबंध आणि त्याचे सार्वजनिक मत एकमेकांत गुंतले की ते मत कितीही न्याय्य असले तरी त्याचे वजन कमी होते. प्रशासनातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा हा धडा आहे. १८३० मध्ये निलगिरीचा बराचसा भाग कोइमतूरमधून काढून मलबार जिल्ह्याला जोडण्यात आला. १८४३ मध्ये तो परत आला. जमिनीबाबत सरकारने अखेर असे धरले की मालकी सरकारची, आणि तोडांना चराईचा हक्क व वस्तीभोवतालची थोडी जमीन. मालकाचा भोगवटदार कसा होतो, हे पाहायचे असेल तर निलगिरीच्या जुन्या महसुली पत्रव्यवहाराइतके दुसरे बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

लशिंग्टन यांच्याच काळात, १८२९ मध्ये, सेंट स्टीफन चर्चची पायाभरणी झाली. त्याच्या छताच्या तुळया श्रीरंगपट्टणच्या टिपू सुलतानाच्या लाल महालातून आणलेल्या आहेत. बंगळूरहून जाताना आपण श्रीरंगपट्टण ओलांडतो. जिंकलेल्या राजधानीचे लाकूड त्याच दिशेने डोंगरावर गेले होते. या चर्चच्या आवारात सलिव्हन यांची पत्नी आणि मुलगी यांच्या कबरी आहेत. स्वतः सलिव्हन पुढे इंग्लंडला परतले आणि १८५३ मध्ये त्यांनी देशी संस्थाने खालसा करण्याच्या धोरणाविरुद्ध पुस्तिका लिहिली. साताऱ्याचे राज्य खालसा होऊन तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. ते खालसा करणारे लॉर्ड डलहौसी १८५५ मध्ये प्रकृतीसाठी काही महिने राहिले ते निलगिरीतच.

पुढचा विस्तार झपाट्याने झाला. १८४८ मध्ये सरकारी वनस्पती उद्यानाचे काम सुरू झाले. १८६८ मध्ये निलगिरीसाठी स्वतंत्र कमिशनर नेमले गेले, १८७० पासून उटी ही मद्रास इलाख्याची अधिकृत उन्हाळी राजधानी झाली आणि १८८२ मध्ये जिल्ह्याला कलेक्टर मिळाला. मेट्टुपाळयम ते कुन्नूर ही दातेरी रुळाची रेल्वे १८९९ मध्ये सुरू झाली व १९०८ मध्ये उटीपर्यंत पोचली. तिचा सर्वांत अवघड चढ बारा फुटांना एक फूट असा आहे. २००५ मध्ये युनेस्कोने या ४६ किलोमीटर मार्गाचा जागतिक वारशात समावेश केला.

चहाची कथाही सरकारी प्रयोगांपासूनच सुरू होते. १८३० च्या दशकात कुन्नूर व केट्टी येथे चहाची रोपे लावून पाहिली गेली. व्यापारी मळे १८५९ च्या सुमारास थायशोला व डनसँडल येथे उभे राहिले. १८६० पासून कोयनेलसाठी सिंकोनाची लागवड झाली आणि नडुवट्टम येथे चिनी कैद्यांना त्या मळ्यांत कामाला लावण्यात आले. महाबळेश्वरलाही चिनी व मलायी कैद्यांकडूनच बटाटे आणि भाज्या पिकवून घेतल्या गेल्या होत्या. गिरिस्थानाची रमणीयता कोणाच्या श्रमावर उभी राहते, याचे उत्तर दोन्हीकडे सारखेच निघते.

स्वातंत्र्यानंतर या मळ्यांत एक नवा अध्याय जोडला गेला. १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो करारानुसार श्रीलंकेतील ५,२५,००० भारतीय वंशाच्या तमिळ लोकांना भारताने परत घेण्याचे मान्य केले. त्यांचे आजे-पणजे इंग्रजांच्या काळात तिथल्या मळ्यांवर मजूर म्हणून गेलेले होते. या परतलेल्यांना काम मिळावे म्हणून तमिळनाडूच्या वनखात्याने १९६८ पासून सरकारी चहामळे उभारले. १९७६ मध्ये त्यांचे 'टॅनटी' हे महामंडळ झाले. म्हणजे गुडलूर, कोटगिरीच्या बाजूला आपण ज्या हिरव्या उतारांचे छायाचित्र काढतो, त्यांतले काही उतार ही एक पुनर्वसन योजना आहे. पुनर्वसन करताना जंगल तोडावे लागले, हेही तितकेच खरे.

दुसरीकडे, बडगा समाजातील व इतर छोट्या शेतकऱ्यांनी बटाट्याकडून चहाकडे वळून हा व्यवसाय आपलासा केला. खुडलेले पान काही तासांत कारखान्यात पोचले नाही तर खराब होते, त्यामुळे कारखान्याशिवाय शेतकरी असहाय्य असतो. उसाचेही असेच आहे, म्हणून महाराष्ट्राच्या वाचकाला हे सांगावे लागत नाही. उपायही तोच निघाला : सहकारी चहा कारखाने, आणि १९६५ पासून त्यांची 'इंडकोसर्व्ह' ही शिखर संस्था. १९९० च्या दशकाच्या अखेरीस चहाचे भाव कोसळले तेव्हा या छोट्या उत्पादकांचे अतोनात हाल झाले. डोंगर तसाच हिरवागार दिसत होता, पण पानाला मिळणाऱ्या भावात खुडणीचा खर्चही निघेना.

आजचा मुख्य प्रश्न भार सोसण्याचा आहे. तलावाची काही जमीन बस स्थानक आणि घोड्यांच्या शर्यतींचे मैदान यांनी व्यापली, उरलेल्या पाण्यात शहराचे सांडपाणी येत राहिले. नोव्हेंबर २००९ मध्ये अतिवृष्टीने दरडी कोसळून जिल्ह्यात चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. प्रशासनाने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. २००० च्या सुमारास तत्कालीन जिल्हाधिकारी सुप्रिया साहू यांनी प्लास्टिकविरुद्ध मोहीम राबवली, ती देशातील अगदी सुरुवातीच्या मोहिमांपैकी होती. २००९ मध्ये चामराजनगरच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशातून बंदीपूरची रात्रीची वाहतूकबंदी सुरू झाली. तो आदेश आठवड्याभरात मागे घेतला गेला, पण उच्च न्यायालयाने बंदी टिकवली. मे २०२४ पासून मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने निलगिरीसाठी ई-पास आवश्यक झाला आणि एप्रिल २०२५ पासून, हंगामाकरिता, दररोज ६,००० व शनिवार-रविवारी ८,००० वाहनांची मर्यादा घालण्यात आली.

यावर तक्रारीचा सूर ऐकू येतो, विशेषतः ऐन सुट्टीत पास न मिळालेल्यांकडून. अशा वेळी बेळ्ळंदूरच्या रहिवाशांनी आपल्या दारातल्या तळ्याकडे पाहावे. सुमारे नऊशे एकरांचे हे बंगळूरमधील सर्वांत मोठे तळे. पूर्वजांनी ते शेतीसाठी बांधले, साखळीतल्या वरच्या तळ्यांशी कालव्यांनी जोडले. आम्ही त्यात महानगराचे सांडपाणी सोडले. २०१५, २०१७ आणि २०१८ मध्ये या तळ्यावर आग भडकलेली सर्वांनी पाहिली. डिसेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने राज्य सरकारला ५० कोटी आणि महापालिकेला २५ कोटी रुपये भरण्यास सांगितले. भार किती पेलेल याचा हिशेब वेळेवर न केल्यास काय होते, हे समजण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही.

एखादी जागा वसवणे हे अधिकाऱ्याच्या हाती असते, कारण त्यासाठी एका माणसाची जिद्द पुरते. ती राखण्यासाठी मात्र एकामागून एक येणारे वीस-पंचवीस अधिकारी, न्यायालये, स्थानिक लोक आणि पाहुणे या सर्वांनी एकच नियम पाळावा लागतो. सलिव्हन यांनी जमीन घेण्यापूर्वी ती कोणाची हे विचारले होते. पुढच्यांनी ते विचारणे सोडले, आणि पठाराची गवताळ राने हळूहळू निलगिरीची झाडे, वॅटल व चहाखाली गेली. वाचकांनी पुढच्या खेपेस उटीला जाताना ई-पास जरूर काढावा, सहकारी कारखान्याचा चहा घ्यावा, आणि पठारावर कुठे उघडे गवत दिसले तर ते रिकामे आहे असे समजू नये. तोडांच्या म्हशी त्यावर चरतात, आणि भवानी व मोयार नद्यांचे पाणी त्याच गवतात मुरते.