साथीचा उस्ताद : शेख दाऊद आणि हैदराबादचा तबला

उस्ताद शेख दाऊद यांचे १९९२ मध्ये निधन झाले, तेव्हा हैदराबादच्या तबल्याची देशभर जी ओळख होती ती मुख्यतः या एका वादकाच्या नावाने होती. तरीही त्यांच्या कार्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला साधनांचीच अडचण प्रथम जाणवते. साथसंगत, म्हणजे गायकाच्या किंवा वादकाच्या मांडणीला लयीचा आधार देणे, हा ज्याचा मुख्य व्यवसाय त्याच्या कामाची नोंद दुसऱ्याच्या नावाखाली होते, आणि जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या चकतीवर तर गायक आणि राग यांची नावे छापून तबलजीचे नाव बहुधा गाळलेलेच असे. म्हणून शेख दाऊद यांचा विचार करताना एका व्यक्तीच्या चरित्रापेक्षा ज्या व्यवस्थांनी त्यांना रोजगार, श्रोते आणि कीर्ती दिली त्या व्यवस्थांचा विचार अधिक उपयोगी पडतो.

हैदराबादेत उत्तर हिंदुस्थानी संगीताला आश्रय मिळाला तो निजामाच्या दरबारात आणि त्याहून अधिक अमीर-उमरावांच्या देवड्यांत; देवडी म्हणजे सरदाराचा चौक-दालनांचा वाडा, जिथे नोकरचाकरांच्या जोडीने कलावंतही पदरी ठेवले जात. १८५७ नंतर दिल्लीचा दरबार मोडला आणि तेथील कलावंत आश्रयाच्या शोधात निघाले, त्यांपैकी बहादूरशाह जफरच्या दरबारातले गायक तानरस खाँ अखेर हैदराबादेत स्थिरावले व तिथेच निवर्तले. तबल्याच्या दृष्टीने मात्र सारंगिये अहमद बख्श यांचे हैदराबादेतील वास्तव्य अधिक महत्त्वाचे ठरते, कारण त्यांचे पुत्र अमीर हुसेन खाँ याच शहरात वाढले आणि मामा मुनीर खाँ हैदराबादेस येत तेव्हा त्यांच्याकडे तबला शिकले. पुढे मुंबईत अमीर हुसेन खाँनी जो शिष्यवर्ग घडवला त्यात पंढरीनाथ नागेशकर आणि अरविंद मुळगावकर यांच्यासारखी नावे आहेत. महाराष्ट्रातील तबल्याचा एक मोठा प्रवाह असा हैदराबादेवरून वाहत आला, ही गोष्ट मराठी लेखनात पुरेशी ठसवली जात नाही.

उलट दिशेचा प्रवास शेख दाऊद यांचा. त्यांचा जन्म १९१६ मध्ये सोलापूरला झाला आणि तबल्याचे पायाभूत शिक्षणही तिथेच, मोहम्मद कासिम यांच्याकडे झाले. त्या काळचे सोलापूर ब्रिटिश मुलखात असले तरी निजामाच्या राज्याला खेटून होते, आणि वाडी जंक्शनवरून सिकंदराबादेकडे जाणारा निजामाचा लोहमार्ग १८७४ मध्येच सुरू झाल्याने सोलापूरकराला हैदराबाद परके वाटावे असे काही उरले नव्हते. मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी उर्दू या चार भाषा बाजारात ऐकू येणाऱ्या गावातून तशाच चार भाषांच्या राजधानीत जाणे, हे कलावंताच्या दृष्टीने देशांतर नव्हतेच. संयुक्त महाराष्ट्रानंतरच्या नकाशाची सवय झालेल्या वाचकाला ते देशांतर वाटते एवढेच. हैदराबादेत आल्यावर तेथील जुन्या उस्तादांकडूनही त्यांनी विद्या घेतली.

या शहराने त्यांना दिलेली निर्णायक गोष्ट म्हणजे नभोवाणी. खासगी खटपटीतून सुरू झालेले डेक्कन रेडिओ हे केंद्र १९३५ मध्ये निजाम सरकारने आपल्या हाती घेतले आणि पुढे उर्दूबरोबर तेलुगू, मराठी व कानडी कार्यक्रमही तेथून होऊ लागले. ब्रिटिश हिंदुस्थानातील ऑल इंडिया रेडिओपासून हे केंद्र वेगळे असल्यामुळे त्याचा कारभारही वेगळा होता. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाईने संस्थान भारतात विलीन झाले, १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, आणि देवड्यांचे उत्पन्नच आटल्याने पदरी कलावंत ठेवण्याची प्रथा काही वर्षांत संपली. १९५० मध्ये केंद्र ऑल इंडिया रेडिओत सामील झाले तेव्हा हैदराबादच्या गायक-वादकांपुढे नियमित पगाराचा जवळपास हा एकच आश्रयदाता उरला होता. शेख दाऊद यांनी या केंद्रात दीर्घकाळ नोकरी केली. सरदाराच्या मर्जीऐवजी महिन्याचा पगार आणि मैफलीऐवजी ड्यूटीचा तक्ता, असे या बदलाचे स्वरूप होते. त्याने कलेचे नुकसान झाले असे सरसकट म्हणणारे टीकाकार तबलजीचा विचार करत नाहीत, कारण देवडीतल्या बैठकीत तबलजीचा मान गायकाहून बराच खालचा होता आणि रेडिओने त्याला निदान पद, श्रेणी व निवृत्तीपर्यंतची निश्चिती दिली.

रेडिओच्या तबलजीचे काम नेमके कशाचे होते, हे ठेक्यावरून कळते. ठेका म्हणजे तालाची ठरलेली बोलरचना, जी आवर्तनामागून आवर्तन वाजत राहते आणि जिच्या पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, गायक येऊन मिळतो. विलंबित ख्यालाला लागणारा एकताल बारा मात्रांचा. पण अतिविलंबित लयीत त्याचे एक आवर्तन पाऊण मिनिटापर्यंत लांबते आणि एका मात्रेपासून दुसरीपर्यंत तीन-चार सेकंदांची पोकळी पडते. ती पोकळी अगदी रिकामी ठेवली तर गायकाचे भान सुटते, आणि बोलांनी गच्च भरली तर त्याच्या आलापीला जागा राहत नाही. म्हणून चाटेवरचा, म्हणजे कडेच्या पट्टीवरचा, बारीक 'ना' आणि शाईवरचा 'तिरकिट' किती दाबून वाजवायचा व डग्ग्याची घुमक मनगटाने कुठे आवरायची, याचा निर्णय दर मात्रेला करावा लागतो. स्टुडिओत हे सारे ध्वनिक्षेपकासमोर चाले, जिथे डग्गा जरा चढला तरी सारंगी बुडते, आणि थेट प्रक्षेपणात घड्याळाच्या काट्यावर कार्यक्रम संपवायचा असल्यामुळे द्रुत बंदिशीची लय कुठवर न्यायची यात तबलजीच्या अंदाजालाही मोल येई. ऑल इंडिया रेडिओने १९४० पासून सुमारे तीन दशके हार्मोनियमला बंदी घातली होती, त्या काळात तबला व सारंगी यांच्यावरचा भार आणखी वाढला. सकाळी ख्याल, दुपारी ठुमरी वा गझल, एखाद्या दिवशी सतारवादन, आणि समोर बसणारा कलावंत कधी आधी न भेटलेला: या दिनक्रमात एका घराण्याचा हट्ट धरून भागत नाही. दिल्ली बाजातील किनारीचे बंद बोल आणि पूरब बाजातील खुले, हाताच्या पूर्ण पंजाने वाजणारे बोल, हे दोन्ही प्रसंगानुसार हाताशी असावे लागतात.

अशा कामाचे मोल करण्याची रीत दुसऱ्या एका परंपरेत लवकर रूढ झाली. अमेरिकन जॅझमध्ये १९४० च्या सुमारास केनी क्लार्क या वादकाने लय धरण्याचे काम पायाखालच्या मोठ्या ढोलावरून वर टांगलेल्या झांजेवर नेले आणि ढोल अवचित आघातांसाठी मोकळा केला. हा बदल पुढच्या साऱ्या वादकांनी स्वीकारला व इतिहासकारांनी तो क्लार्कच्या नावावर नोंदवला. आर्ट ब्लेकीसारखा ड्रमवादक तिथे स्वतःच्या नावाने वाद्यवृंद चालवी. १९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेकच्या चमूबरोबर भारतात आलेल्या जो मोरेलोने मद्रासेत पळनी सुब्रमण्य पिळ्ळै यांच्या मृदंगासोबत वाजवले, ती भेट दोन्ही बाजूंच्या रसिकांच्या लक्षात राहिली. आपल्याकडे मात्र तबलजीची कीर्ती प्रायः एकल वादनावरच मोजली गेली, म्हणजे पेशकार, कायदा, रेला आणि गत या क्रमाने होणाऱ्या स्वतंत्र मांडणीवर. अहमदजान थिरकवाँ मराठी रसिकांना गंधर्व नाटक मंडळीतील साथीमुळे प्रथम परिचित झाले, पण त्यांची थोरवी सांगताना दाखले निघतात ते एकल मैफलींचे.

शेख दाऊदही एकल वादन करत आणि त्यांच्याकडे बंदिशींचा संग्रह होता. त्यांचे पुत्र शब्बीर निसार यांनी तबलावादन आणि अध्यापन हैदराबादेतच पुढे चालवले, त्यामुळे ती विद्या एका पिढीपुरती उरली नाही. परंतु बंदिश लिहून ठेवता येते आणि शिष्याला पाठ देता येते, साथीतला विवेक तसा देता येत नाही, तो ध्वनिमुद्रणांतूनच तपासावा लागतो. संग्रहातल्या फिती मुख्य कलावंताच्या नावाने लावायची पद्धत असल्याने शेख दाऊद यांच्या वादनाचा अभ्यास करणाऱ्याला हैदराबाद केंद्रावर कोण कोण गायले याची यादी आधी करावी लागेल, आणि मग त्या गाण्यांतील तबला गाण्यापासून वेगळा काढून ऐकण्याचे काम सुरू होईल.