चालावयास लावणारा सोबती

व्यायामानें शरीर हलकें होतें व प्रकृति सुधारते, ही गोष्ट मनुष्यास ठाऊक नव्हती असा काळ शोधून सांपडणें कठीण आहे. ठाऊक असलेली ही गोष्ट मनुष्याकडून रोजच्या रोज कशी करवून घ्यावी, हा मात्र प्रत्येक युगांतील वैद्यांस पडलेला प्रश्न आहे. ज्ञानाची उणीव कधींच नव्हती. उणीव होती ती निश्चय टिकण्याची. या प्रश्नाच्या इतिहासांत एका मुक्या प्राण्यानें, आपण कांहीं उपकार करीत आहों याची जाणीवही नसतां, जी कामगिरी बजावली आहे ती लक्षांत घेण्याजोगी आहे. तो प्राणी म्हणजे घरोघरचा कुत्रा होय.

जनावराच्या निमित्तानें रोग्यास चालावयास लावावें ही कल्पना भारतीय वैद्यकास नवी नाहीं. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत प्रमेहाच्या रोग्यास सांगितलेला उपाय आजच्या वाचकासही चकित करील. रोगी निर्धन व निराधार असेल तर त्यानें पायांत जोडा न घालतां व डोक्यावर छत्री न धरतां, भिक्षेवर निर्वाह करीत आणि एका गांवीं एकच रात्र राहत, मुनीप्रमाणें शंभर योजनें किंवा त्याहूनही अधिक चालावें. रोगी धनाढ्य असेल तर त्यानें पक्वान्नें सोडून सांवा, नीवार व रानफळें यांवर राहावें, हरणांच्या संगतींत वसावें आणि सतत गाईंच्या मागून फिरावें. इतरांपैकीं कोणीं शेत नांगरावें, कोणीं विहीर खणावी. यांतील धनिकासाठीं सांगितलेली योजना मोठी मार्मिक आहे. त्याला नुसतें ‘चालत जा’ म्हणून भागण्यासारखें नव्हतें. तो चार पावलें चालून पालखी मागवील ही भीति होती. म्हणून त्याला गाईंच्या स्वाधीन केलें. गाय चरत चरत पुढें जाते, आणि तिच्या मागून जाण्याचें व्रत घेतलेल्या मनुष्यास मध्येंच बसतां येत नाहीं.

ग्रीस देशांत हेंच काम शिकारी कुत्र्याकडे आलें. सॉक्रेटिसाचा शिष्य झेनोफन याच्या नांवावर शिकारीसंबंधीं एक लहानसा ग्रंथ आहे. कुत्रीं कशीं निवडावीं, त्यांना कसें शिकवावें, हांक मारावयास सोपीं अशीं आंखूड नांवें कशीं ठेवावीं, येथपर्यंत बारकावे त्यांत आले आहेत. ग्रंथाच्या अखेरीस या छंदाचें फळ सांगितलें आहे तें असें : कुत्र्यांमागें डोंगर तुडविणाऱ्याचें शरीर निरोगी होतें, दृष्टि व श्रवण हीं तीक्ष्ण होतात, आणि वार्धक्य उशिरां येतें.

परंतु या विषयाचें खरें मर्म ओळखलें तें गेलेन या वैद्यानें. इ. स. १२९ च्या सुमारास पर्गामम येथें जन्मलेला हा पुरुष पुढें रोमचा बादशहा मार्कस ऑरीलियस याचा वैद्य झाला. लहान चेंडूच्या खेळावर त्यानें एक छोटासा निबंध लिहिला आहे. त्याच्या आरंभींच तो म्हणतो कीं, जो व्यायाम शरीरास श्रम देतोच, पण मनासही आनंद देतो, तोच उत्तम व्यायाम. कुत्र्यांसह शिकार करण्याची युक्ति ज्यांनीं काढली ते त्याच्या मतें मोठे शहाणे. कारण त्यांनीं श्रमांत आनंद, उल्हास व ईर्ष्या मिसळून दिली. मनाच्या नुसत्या आनंदानेंच कित्येक रोगी बरे झाले आहेत, असेंही तो नमूद करतो. मात्र लगेच त्याला एक अडचण दिसते. शिकारीला पैसा पाहिजे, सरंजाम पाहिजे, रिकामा वेळ पाहिजे. नागरिकाच्या धकाधकींत हीं तिन्ही कोठून यावींत? म्हणून त्यानें शिकारीचा नाद सोडून चेंडूची शिफारस केली. आनंददायक, अल्पखर्ची आणि कामकरी माणसासही परवडेल असा व्यायाम कोणता, हा गेलेनचा प्रश्न होता. त्याचें एक उत्तर त्याच शिकारी कुत्र्याच्या वंशजांनीं पुढें दिलें. मात्र त्याला कित्येक शतकें लोटावीं लागलीं.

मध्यंतरींच्या काळांत शिकार ही राजेरजवाड्यांची मिरास होऊन बसली. पुढें युरोपांत शहरें वाढलीं, आणि ज्याला शिकारीचें कांहीं काम उरलें नाहीं असा कुत्रा मध्यमस्थितींतील लोकांच्या घरांत येऊन राहिला. शिकार गळाली, परंतु कुत्र्याचे पाय तेच राहिले. त्याला बाहेर नेणें भाग पडूं लागलें, आणि त्याच्याबरोबर धन्यासही.

या नव्या व्यवस्थेचें एक ठळक उदाहरण म्हणजे जर्मन तत्त्ववेत्ता शोपेनहौअर. इ. स. १८३३ पासून १८६० मध्यें मृत्यु येईपर्यंत तो फ्रांकफुर्ट शहरीं राहिला. दुपारचें जेवण झालें कीं, पाऊस असो वा थंडी असो, आपल्या पूडल जातीच्या कुत्र्यास घेऊन तो फिरावयास निघे. रोजच्या योग्य हालचालीवांचून आरोग्य टिकत नाहीं, असें त्यानें १८५१ सालच्या आपल्या ग्रंथांत लिहून ठेविलें आहे. उपनिषदांच्या लॅटिन भाषांतरावर या पुरुषाची अपार भक्ति होती, आणि आपल्या कुत्र्याचें नांव त्यानें ‘आत्मा’ असें ठेविलें होतें! मनुष्यमात्राविषयीं ज्याला फारसा आदर नव्हता, तो एकलकोंडा पंडित ‘आत्म्या’च्या सोबतीनें मात्र नित्यनेमानें चालत राहिला.

इंग्लंडांत केंट परगण्यांत दोन थोर पुरुषांनीं हीच परंपरा चालविली. कादंबरीकार चार्ल्स डिकन्स हा अट्टल चालणारा. आपल्या गॅड्स हिल येथील घराभोंवतीं तो मोठमोठ्या कुत्र्यांना घेऊन कोसच्या कोस भटके. इ. स. १८६५ च्या फेब्रुवारींत बर्फांतून चालत असतां घरापासून दूर असतांना तो एकाएकीं लंगडा झाला. एरवीं धुमाकूळ घालणारीं त्याचीं दोन मोठीं कुत्रीं त्या वेळीं त्याच्या दोन्ही बाजूंनीं, त्याच्याच मंदगतीनें, घरापर्यंत आलीं, असें त्याचा मित्र व चरित्रकार फॉर्स्टर यानें लिहिलें आहे.

दुसरे पुरुष म्हणजे उत्क्रांतिवादाचे जनक चार्ल्स डार्विन. हे पुष्कळ वर्षें आजारी असत. डाऊन या खेड्यांतील आपल्या घराच्या आवारालगत त्यांनीं एक वाळूची पायवाट करून घेतली होती, आणि तिच्यावर नेमानें फेऱ्या घालण्याचा त्यांचा परिपाठ होता. त्यांच्या उतारवयांत पॉली नांवाची टेरियर कुत्री त्यांच्यासोबत असे. परंतु त्यांच्या ग्रंथांत अमर झाला तो तिच्या पूर्वींचा एक मोठा कुत्रा. इ. स. १८७२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या मनोविकारांच्या आविष्कारावरील ग्रंथांत त्याचें वर्णन आहे. फिरावयास निघतांना हा कुत्रा मान ताठ व शेपटी उंच करून मोठ्या डौलानें पुढें चाले. वाटेंत उजवीकडे काचघराकडे जाणारा एक फांटा फुटे. तेथें ठेवलेलीं प्रयोगाचीं झाडें पाहावयास डार्विन कित्येकदां वळत. त्यांच्या शरीराचा कल त्या बाजूस किंचित् जरी झाला, तरी कुत्र्याची मान खालीं पडे, कान व शेपटी गळून जात, आणि फिरणें आतां संपलें या शंकेनें तो दुःखाची मूर्ति होऊन उभा राही. घरांतील सर्व मंडळींस त्याचें हें ‘काचघरी तोंड’ ठाऊक होतें. कित्येकदां तर केवळ परीक्षा पाहण्यासाठीं डार्विन त्या बाजूस वळत! शास्त्रज्ञानें हें चित्र मनोविकाराचें उदाहरण म्हणून दिलें. पण प्रस्तुत विषयाचें सारें रहस्यही त्यांतच आहे. फिरण्याचा बेत मोडला असतां आपणाहून अधिक हिरमुसणारा कोणी घरांत असेल, तर तो बेत मोडणें जड जातें.

विसाव्या शतकांत यंत्रें वाढलीं, चालणें कमी झालें, आणि या रहस्यास शास्त्रीय महत्त्व आलें. इ. स. १९५३ मध्यें डॉ. जेरेमी मॉरिस व त्यांचे सहकारी यांनीं लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षां जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांस हृदयविकार कमी होतो, असें तींत दिसून आलें. बैठें जीवन हा रोगास आमंत्रण देणारा दोष आहे हें ठरल्यावर पुन्हां तोच जुना प्रश्न उभा राहिला : माणसास उठवावें कसें?

अमेरिकेंतील मिसूरी विद्यापीठांत रेबेका जॉन्सन या विदुषींनीं या प्रश्नाचा प्रयोगानें छडा लावण्याचा यत्न केला. त्यांच्या एका प्रयोगांत सरकारी वसाहतींतील गरीब रहिवाशांस फिरण्यासाठीं शिकविलेले कुत्रे देण्यांत येत. आरंभीं आठवड्यांतून तीन दिवस दहा मिनिटें, आणि वाढत वाढत पांच दिवस वीस मिनिटें, असा क्रम होता. इ. स. २०१० मध्यें प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत ५० आठवडे चाललेल्या मंडळीचें वजन सरासरीनें सुमारें १४ पौंडांनीं उतरलें. कुत्रीं त्यांच्या मालकीचीं नव्हतीं, तरीही त्यांना आपली गरज आहे या भावनेनें तीं माणसें बाहेर पडत.

त्यांचा दुसरा प्रयोग वृद्धांचा. तो लहान होता, पण त्याचा बोध मोठा आहे. कांहीं वृद्ध बारा आठवडे निराश्रित कुत्र्यांच्या आश्रयस्थानीं जाऊन कुत्र्यांसह चालत. कांहीं दुसऱ्या माणसाच्या सोबतीनें चालत. कुत्र्यांसह चालणाऱ्यांच्या चालण्याचा वेग २८ टक्क्यांनीं वाढला. माणसांसह चालणाऱ्यांचा अवघा ४ टक्क्यांनीं. याचें कारण मनुष्यस्वभावांत आहे. दोन माणसें एकमेकांस ‘आज ऊन फार आहे’ असें सांगूं शकतात, आणि तें दोघांसही पटतें! कुत्र्यास सबब सांगतां येत नाहीं व तो स्वतः सांगतही नाहीं.

इ. स. २०१९ मध्यें लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनीं जवळच्याच चेशर परगण्यांतील ३८५ कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध केली. आठवड्यास १५० मिनिटें व्यायामाचा जो दंडक आरोग्यशास्त्रानें घालून दिला आहे, तो पाळला जाण्याचा संभव कुत्रा बाळगणाऱ्यांच्या बाबतींत इतरांच्या सुमारें चौपट आढळला. आणि कुत्र्यासह चालणें हें इतर व्यायामाच्या ऐवजीं नसून त्याशिवाय अधिक होतें. चालण्याची मुळांत आवड असलेलेच लोक कुत्रा पाळीत असतील, ही शंका अशा पाहणीवर घेतां येते व ती विचारांत घेतली पाहिजे. शिकागो येथील प्रयोगाचा निकाल तर अधिकच सावध करणारा आहे. तेथें इ. स. २००६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या वर्षभराच्या प्रयोगांत स्थूल माणसांचा एक गट आपल्या स्थूल कुत्र्यांसह, आणि दुसरा गट कुत्र्यांवांचून, आहार व व्यायाम यांचे नियम पाळीत होता. दोन्ही गटांतील माणसांचें वजन जवळजवळ सारखेंच, म्हणजे सुमारें ५ टक्के, उतरलें. कुत्र्यांचें मात्र सुमारें १५ टक्के! त्यांच्या ताटलींत काय पडावें हें दुसऱ्याच्या हातीं होतें, आणि तेवढाच कदाचित् दोहोंतील फरक असावा. तात्पर्य, कुत्रा मनुष्यास घराबाहेर काढूं शकतो. त्याच्या पुढ्यांतील तुपाची वाटी तो दूर सारूं शकत नाहीं.

इ. स. २०२० च्या महामारींत या नात्यास वेगळेंच रूप आलें. १४ मार्च रोजीं स्पेनमध्यें आणीबाणी पुकारली गेली आणि नागरिकांस घरांत कोंडून घ्यावें लागलें. ज्या थोड्या कारणांसाठीं बाहेर पडण्यास मुभा होती, त्यांत कुत्र्यास घराजवळ थोडा वेळ फिरविणें हें एक होतें. लहान मुलांस २६ एप्रिलपर्यंत व प्रौढांस व्यायामासाठीं २ मेपर्यंत वाट पाहावी लागली. ज्याच्या हातांत कुत्र्याची साखळी, त्याला मात्र आकाश रोज दिसत होतें.

असो. या इतिहासावरून शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनीं कोणता बोध घ्यावा? पहिला हा कीं, कुत्रा दाराशीं बांधून ठेवल्यानें कोणाचेंही वजन उतरत नाहीं. पुष्कळ सुखवस्तु घरांत कुत्र्यास फिरविण्यास पगारी माणूस असतो. तेथें व्यायाम त्या माणसास घडतो, कुत्र्यास घडतो, आणि यजमान मात्र वजनाच्या कांट्यावर उभे राहून नशिबास बोल लावतात. दुसरा बोध अधिक गंभीर आहे. कुत्र्याचें आयुष्य दहाबारा वर्षांचें असतें. वजन उतरविण्याचा उत्साह पुष्कळदां दहाबारा दिवसांचाही नसतो. औषधाची बाटली म्हणून घरीं आणलेलें जनावर बाटलीप्रमाणेंच कोपऱ्यांत पडतें, आणि त्या मुक्या जिवाची दुर्दशा होते. ज्यांना ही जबाबदारी पेलणार नाहीं, त्यांनीं शेजारच्या एखाद्या वृद्धाच्या कुत्र्यास फिरवून आणावें. मिसूरींतील रहिवाशांचें कुत्रें तरी कोठें स्वतःचें होतें?

महाप्रस्थानाच्या वाटेवर एकेक भाऊ पडत गेला, तरी युधिष्ठिराच्या मागून एक कुत्रा अखेरपर्यंत चालत राहिला, आणि त्याला टाकून स्वर्गांत पाऊल ठेवावयास तो राजा तयार झाला नाहीं. त्या कथेंत कुत्रा हें साधन नव्हतें, सोबती होता. या साऱ्या इतिहासाचा निष्कर्षही तोच आहे. केवळ स्वतःच्या वजनासाठीं घराबाहेर पडलेला मनुष्य पहिल्या पावसास परत फिरतो. दाराशीं वाट पाहत बसलेल्या दुसऱ्या जिवासाठीं निघालेला मनुष्य पावसांतही चालतो, आणि त्याच्या शरीराचें कल्याण त्याच्या नकळत होऊन जातें.